ट्रिप भरेपर्यंत

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, मंग मला मधी तोडू नका. मुलगी बघायला जाणाऱ्या माणसांनी काय काय घोळ घातलेत ते तुम्ही ऐकलं असंल. कुणी अंगावर चहा सांडून घेतो, कुणी भलत्याच घरात जाऊन पोहे खाऊन येतो. मी काय केलं? काहीच न्हाई. मी नुसता बसलो. आणि बसल्या बसल्या असा घोळ घातला, की आमचे मामा पुढं कितीतरी दिवस मला नावानं हाक मारत नव्हते.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी जालन्याला एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. गाव हसनाबाद, खोली जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर, वय एकोणतीस. एकोणतीस म्हणजे आमच्याकडं तेव्हा लोक आडून विचारायचे, "मास्तरला काही दुखणं-बिखणं हाय का?" दुखणं एकच होतं. माझं ध्यान जागेवर नसायचं. बोलता बोलता एखादा शब्द कानावर पडला की मी त्याच्या मागं निघून जायचो, आणि समोरचा माणूस बिचारा बोलत राह्यचा.

चार मुली बघून झाल्या होत्या. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "घरी ट्रॅक्टर हाय का?" आणि मी त्यांना ट्रॅक्टर हा शब्द कोणत्या भाषेतून आला ते सांगत बसलो. घरी ट्रॅक्टर होता हो, ते सांगायचं राहूनच गेलं. चारही ठिकाणांहून एकच निरोप आला. पोरगा चांगला आहे, कळवतो.

मामांनी मंग शेवटचं सांगितलं. "हे पाचवं स्थळ हाय. माणसं चांगली हैत, पोरगी बी.ए. झालेली हाय. चार जणांच्या हातापाया पडून बैठक जमवली मी. हे मोडलं तर यापुढं तुझ्या लग्नाचं नाव काढणार न्हाई, अन् कुणाला काढू देणार न्हाई."

तुम्हाला खरं सांगतो, मलाही आता एकटं राह्यचा कंटाळा आल्ता. शाळेतून आलो की कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा, आणि दिवसभरात एखादा चांगला शब्द सापडला तर तो सांगायचा कुणाला? खालच्या कापड दुकानदाराला एकदा सांगून पाह्यलं. त्यानं मला दुसऱ्या दिवसापासून जिना बदलायला सांगितला.

बैठक राजूरला ठरली. आमच्याकडं ही सोय फार बरी. मुलीकडचे गणपतीच्या दर्शनाला येतात, मुलाकडचेही दर्शनालाच येतात. जमलं तर गणपती पावला, न्हाई जमलं तर दर्शन तर झालं. गावात कुणी तोंड उघडायला जागा राहत न्हाई. साधा रविवार धरला होता, चतुर्थीची गर्दी नको म्हणून. अकरा वाजता, मामांच्या ओळखीच्या एका घरी. मामा आणि माझा थोरला भाऊ हसनाबादहून परस्पर येणार, मी जालन्याहून. मुलीचा फोटो मी पाह्यला नव्हता, त्यांनी माझा पाह्यला नव्हता. मामा म्हणाले, "फोटो-बिटो कशाला? समोरासमोर बघा."

आता नशीब बघा. शनिवारी संध्याकाळी मला रद्दीच्या दुकानात इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश मिळाला. पाठीचा पुठ्ठा निघालेला, पानं पिवळी, पण प्रत्येक शब्दाचा जन्म कुठं झाला, तो कुणाच्या घरून कुणाच्या घरी गेला, सगळं दिलेलं. तो खोलीवर ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं. घेतला बगलेत, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून साडेसातलाच राजूरच्या जीपा लागतात तिथं हजर झालो.

बाबूभाई नावाचा ड्रायव्हर होता, गाड्यांचे नंबरही तोच लावायचा. मला बघून त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, याचं पोरगं माझ्या वर्गात असंल.

"या गुर्जी, या. पहिली ट्रिप. बस, चार सीट कम हैत."

आत चढून बघितलं तर मी एकटा. चार सीट कम कुठल्या, माझ्याशिवाय सगळ्याच कम होत्या. पण मी ते मोजलंच न्हाई, कारण माझ्या कानात एकच शब्द राह्यला होता. ट्रिप.

बघा ना, किती रोजचा शब्द. शाळेची ट्रिप जाते, वाळूची ट्रिप पडते, ट्रॅक्टरवाला म्हणतो दोन ट्रिपा झाल्या. जालन्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, तिला ट्रिप कळते. पण हा शब्द आला कुठून? मी मागच्या सीटवर अंग टाकलं, मांडीवर शब्दकोश उघडला आणि गेलो.

सापडला, आणि काय सापडला म्हणता! फार जुन्या काळी या शब्दाचा प्रवासाशी काडीचा संबंध नव्हता. त्याचा अर्थ होता हलक्या पायानं चालणं. टुणटुण उड्या मारणं, नाचणं. फ्रान्सात लोक पायानं जमिनीवर ताल धरायचे, त्याला हा शब्द. त्याच्याही आधी हॉलंडच्या बाजूला पोरीबाळी लंगडी घातल्यासारख्या उड्या मारायच्या, त्याला हा शब्द. तिथून तो इंग्लंडात गेला, आणि कितीतरी वर्षांनी खलाशांनी तो उचलला. लांबच्या सफरीला ते दुसरं काही म्हणत असतील, पण किनाऱ्या-किनाऱ्यानं जाऊन लगेच परत यायचं असलं तर म्हणायचे, एक ट्रिप मारून येतो. पाण्यावर हलकंसं पाऊल टाकून माघारी यायचं.

मी पुस्तकातून मान वर केली. सकाळचं ऊन जीपच्या ताडपत्रीतून गाळून खाली येत होतं, धुळीचे कण त्यात तरंगत होते. आमच्या जालन्याला कुठला समुद्र? फार तर मोती तलाव. पण मला त्या वेळी जीप हलकेच डुलल्यासारखी वाटली. कुठल्या थंड बंदरावरचा एक शब्द शेकडो वर्षं पाण्यातून, गलबतातून फिरत फिरत इथं बाबूभाईच्या तोंडात येऊन बसला, आणि त्याला पत्ताही न्हाई. मला फार बरं वाटून राह्यलं होतं. अगदी आतून.

तेवढ्यात माणसं चढली. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्यासोबत दोघी बायका. गृहस्थ बाबूभाईला विचारत होते, "निघायला किती वेळ?"

"भरलीच समजा. ये देखो, गुर्जी कधीचे बसलेत. शिकलेला माणूस रिकाम्या गाडीत बसतो का?"

गृहस्थांनी माझ्याकडं पाह्यलं. पांढरा शर्ट, मांडीवर ग्रंथ. त्यांची खात्री पटली आणि ते बसले. माझ्या शेजारी ते, समोरच्या बाकावर बायका.

"काय वाचून राह्यले?" त्यांनी विचारलं.

विचारायला नको होतं. मी त्यांना ट्रिप सांगायला घेतली. फ्रान्स सांगितलं, हॉलंड सांगितलं, खलाशी सांगितले. गृहस्थ हूं हूं करत होते आणि बाहेर बघत होते. तेव्हा समोरून एक आवाज आला, "मंग रडत-खडत जाणाऱ्या जीपला ट्रिप म्हणणं चुकीचंच झालं की. हिच्यात हलक्या पायाचं काय हाय?"

काय प्रश्न होता! सहा वर्षं शिकवत होतो, वर्गातून असा प्रश्न कधी आला नव्हता. मी पानावर बोट ठेवून उत्तर दिलं, शब्द मोठे झाले की लहानपणच्या सवयी विसरतात. त्यावर आवाज म्हणाला, "माणसांवानीच की." मी म्हटलं, अगदी बराबर. मंग आवाजानं विचारलं, खलाशांच्या बायका त्याला काय म्हणत असतील? नवरा गेला, तो परत येईपर्यंत त्यांना ती ट्रिप छोटी वाटत असंल का? मी पानं उलटली. ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. अर्धा तास आम्ही असं बोललो असू. आयुष्यात इतकं सुख मला झालं नव्हतं.

गाडी खच्चून भरली. बाबूभाई मागं आला आणि माझ्या हातात चहाचा ग्लास देत हळूच म्हणाला, "गुर्जी, एक लेकुरवाळी बाई आलीय. तुम्ही मागच्या गाडीत बसता? ती आत्ता निघते, जल्दी."

बाईमाणसाला जागा न्हाई द्यायची? मी चहा सांभाळत, शब्दकोश सांभाळत उतरलो आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसलो. पहिली जीप दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला.

दुसऱ्या जीपमध्ये पुन्हा मी एकटा. पुन्हा सीट थोड्याच कम. तिथं मी 'सफर' शब्दाच्या मागं लागलो. तो आपल्याकडं कुठल्या बाजूनं आला, आणि मंग आमच्या लोकांनी जवळच्या जाण्यायेण्याला 'खेप' का म्हटलं? खेप म्हटलं की डोक्यावर ओझं आलंच, आणि ट्रिप म्हटलं की पाय हलके. एकच रस्ता, पण शब्द बदलला की माणसाचं चालणं बदलतं. असं काहीबाही मनात चाललं होतं. ती जीप भरली. एक आजोबा आले. मी उतरलो. हातात दुसरा चहा, सोबत भजे.

तिसऱ्या जीपमध्ये मी पाय पसरून बसलो होतो. चहाच्या गाड्यावरचा माणूस ग्लास न्यायला आला. तो मला निरखून म्हणाला, "नवे दिसता. आधीचा माणूस आजारी हाय का?"

"कुठला आधीचा माणूस?"

"बसायचा माणूस हो. गाडी भरेपर्यंत बसायला ठेवतात त्यो. रिकाम्या गाडीत कुणी चढत न्हाई ना, मंग एखाद्याला आधी बसवतात. भरली की उतरवून मागच्या गाडीत. पण तुम्ही लई भारी बसता. पुस्तक घेऊन. आधीचा नुसता झोपायचा."

मी घड्याळात पाह्यलं. बाराला पाच कमी.

माझ्या पायाखालची जमीन सरकली, म्हणजे जीपचा पत्रा सरकला. मी बाबूभाईला धरलं. त्यानं दोन्ही कान पकडले. "गुर्जी, कसम से, आमचा माणूस आज आलाच न्हाई. तुम्ही सकाळी सकाळी देवासारखे येऊन बसले. बोललो उतरा, उतरले. बोललो बसा, बसले. मला वाटलं तुम्हाला जायचंच न्हाई, घरी करमत नसंल."

"अहो, मला मुलगी बघायला जायचंय!"

बाबूभाईचा चेहरा उतरला. त्यानं अर्धी रिकामी गाडी तशीच काढली. त्याच्या अख्ख्या धंद्यात त्यानं असं कधी केलं नसंल. वाटेत तो सारखा म्हणत होता, "जमंल गुर्जी, बिलकुल जमंल." मी शब्दकोश मिटून मांडीवर घट्ट धरला होता. पाचवं स्थळ. पुन्हा ते कुलूप, पुन्हा तो दिवा. मला रडू येईल असं वाटत होतं.

राजूरला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मामा दारातच उभे. त्यांनी माझ्या शर्टावरचा भज्याचा डाग पाह्यला. मी आत गेलो, चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, मान वर केली. समोर गादीवर तेच पांढऱ्या टोपीचे गृहस्थ बसले होते.

ते माझ्याकडं बघत राह्यले. मंग मामांकडं वळून शांतपणे म्हणाले, "हे मास्तर हैत का?"

"व्हय. इंग्रजीचे," मामा म्हणाले.

"सकाळी तर हे जीपवर कामाला होते."

गृहस्थांनी सगळं सांगितलं. जीप निघाल्यावर एका प्रवाशानं त्यांना समजावलं होतं, की त्यो पुस्तकवाला गाडी भरायला बसवलेला माणूस हाय, लोकांना फसवायचा त्याचा धंदाच हाय. "मीही त्यालाच बघून चढलो," गृहस्थ म्हणाले. "शेजारी बसला, ज्ञान सांगितलं, अन् गाडी भरताच चहा घेऊन मागच्या गाडीत गेला. माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

मी घाईघाईनं शब्दकोश पुढं केला. "हे बघा, मी खरंच मास्तर आहे."

"पुस्तक हातात दिलंच असंल की त्यांनी," गृहस्थ म्हणाले.

दादा मधी पडला, मामा मधी पडले, शाळेचं नाव सांगितलं, हसनाबादच्या चार माणसांची नावं सांगितली. मी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस सरळ होता, पण वकिलासारखा बोलत होता.

"ठीक हाय. म्हणजे दोनच गोष्टी होतात. तुम्ही त्या कामावर असाल, तर लबाड हैत. कामावर नसताना दोन गाड्या सोडून तिसरीत बसले असाल, तर बावळट हैत. मी पोरगी कुणाला देऊ? तुम्हीच सांगा, यातले तुम्ही कोण?"

मी मामांकडं पाह्यलं. मामा ओठ न हलवता पुटपुटले, "बावळट म्हण."

मी म्हटलं, "बावळट."

"मंग तर विषयच मिटला," असं म्हणून गृहस्थ गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

मला काय वाटलं ते काय सांगू? मला त्या घराची कौलं, कोपऱ्यातला तांब्या, सगळं दूर दूर जाताना दिसलं, किनाऱ्यावरून गलबत निघून जावं तसं. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी पुढं आली. सुमन तिचं नाव. हातात पोह्यांच्या बशा होत्या, त्या तिनं खाली ठेवल्या.

"बाबा, मी यांना एक विचारू?"

गृहस्थ अर्धे उठलेले होते, तसेच थांबले. "विचार."

ती माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "मला याच्या आधी कुठं पाह्यलंय का तुम्ही?"

मी तिच्याकडं नीट पाह्यलं. निळी साडी, कपाळावर थोडा घाम, डोळ्यांत कसलीतरी मौज. मामांनी मागून माझ्या पाठीला बोट टोचलं. ते बोट काय सांगत होतं, ते मला आज कळतं. व्हय म्हण, असं सांगत होतं. पण मला आठवेचना. मी प्रामाणिकपणे आठवलं, आणि म्हटलं, "न्हाई. आज पहिल्यांदाच बघतोय."

मामांनी कपाळाला हात लावला.

सुमन वडिलांकडं वळली. "ऐकलं बाबा? सकाळी मी यांच्या समोरच्या बाकावर होते. गुडघ्याला गुडघा लागत होता. खलाशांच्या बायकांचं मीच विचारलं. अर्धा तास माझ्याशी बोलले, अन् आता सरळ सांगतात, पाह्यलं न्हाई म्हणून. व्हय म्हटले असते तर काम झालं असतं, एवढंही यांना सुचलं न्हाई. हा माणूस कुणाला फसवणार?"

मी तिच्याकडं बघत राह्यलो. तो आवाज! तोच आवाज. कान माझे लाल झाले होते.

गृहस्थ पुन्हा खाली बसले. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं, मंग मुलीकडं, मंग पोह्यांकडं. "लबाड न्हाई एवढं तर खरं," ते म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. त्यांचं बघून दादा हसला. मामा सगळ्यात शेवटी हसले, पण हसले.

लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं. लोक विचारतात तेव्हा मी ऐटीत सांगतो, की आमचं लग्न एका शब्दावर जमलं, माझं ज्ञान बघून हिनं होकार दिला. कितीतरी वर्षं मी हेच सांगत होतो आणि मानतही होतो. परवा आमच्याकडं पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर मी नेहमीसारखं सांगितलं, आणि ऐटीत हिला म्हटलं, "सांग ना, काय बघून हो म्हटलीस?"

ही शेंगा सोलून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली, "ज्ञान कसलं. तुम्ही उतरून मागच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसले, अन् लगेच पुस्तक उघडलं. आमची गाडी वळेपर्यंत मी मागच्या पडद्यातून बघत होते. मला वाटलं, या माणसाला कुणीतरी घरी न्यायला पाह्यजे."